लेहची कच्ची डाळ

आमच्या केंदुरात कुणाच्याही घरी कुकरची शिट्टी झाली, की दारात आप्पा हजर. बोलावणं लागत नाही. चप्पल काढून सरळ स्वयंपाकघरात जातात, गॅस बारीक करतात आणि घरच्या बाईला सुनावतात, "एकदा दाब धरला की एवढा जाळ कशाला? शिट्टी म्हंजी फुकट गेलेली वाफ!"

रांजणगावच्या एका कारखान्यात तीस वर्षं बॉयलर सांभाळून माणूस रिटायर झाला, पण बॉयलर काही डोक्यातून उतरला नाही. माझी बायको तर आधी खिडकी लावते, मग कुकर. तरी येतातच! एकदा आमच्या कुकरची रिंग त्यांनी अशी उजेडात धरून बघितली, की मला वाटलं, आता मेमो देतात. "सूनबाई, कडक झालीया. आजच्या आज बदला." भारी कटकट्या माणूस. पण रिंग खरंच गेलेली होती.

एवढा बडबड्या माणूस स्वतःच्या लेकीशी मात्र वर्षभर बोलत नव्हता. स्वाती नर्स आहे. शिरूरच्या दवाखान्यातली नोकरी सोडून, आप्पांना न विचारता, पार लेहला गेली. दर रविवारी तिचा फोन यायचा तो तिच्या आईला, म्हणजे काकूंना. आप्पा शेजारीच बसायचे, पण तोंडातून "विचार तिला" नाहीतर "सांग तिला" एवढंच. तिकडून "त्यांना सांग." फोन स्पीकरवर, दोघांना सगळं ऐकू यायचं, आणि उगाच काकूंचा घसा बसायचा.

गेल्या रविवारी मी तिथंच चहा पीत होतो. स्वाती म्हणाली, "आई, इथं डाळच शिजंना बघ. दोन तास उकळली तरी दाताखाली कचकच."

"विचार तिला, कुकरची रिंग कवा बदलली?"

"आई, त्यांना सांग, कुकरच न्हाई. पातेल्यात शिजवते."

आप्पांनी काकूंच्या हातातला फोन हिसकावलाच. "पातेल्यात? अगं बये, एवढ्या उंचावर हवेचा दाब कमी! पाणी पुरतं तापायच्या आधीच उकळाया लागतं. बुडबुड्यांना भुलू नगं. कुकरात वाफ कोंडली, दाब वाढला, की पाणी जास्त तापतं. तवा कुठं डाळ शिजती!"

पंधरा मिनिटं हेच चाललं. काकूंनी पदर तोंडाला लावला. मग एकाएकी आप्पांचा आवाज चिरकला. "वरीसभर कच्ची डाळ खाल्लीस व्हय गं? मला सांगायचं तरी."

पलीकडे पोरगी हसत होती की रडत होती, कळेना. "आप्पा, कुकर हाय. गेल्या गेल्याच घेतलाय. डाळ झकास शिजती. तुम्ही बोलतच नव्हता, मग काय करू?"

मला वाटलं, आता काही खरं नाही. मी कप खाली ठेवला. आप्पांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत पुसला.

"लबाड कुठली," ते म्हणाले. "आता रोज फोन करायचा. डाळ शिजू दे, न्हाईतर राहू दे."