तिवरखोऱ्याची बोली दरबारातून बाद जाहली त्याची हकीकत

श्रीशारदा प्रसन्न असो वा रुष्ट असो, तिचे नाव घेऊन लेखणी उचलिली आहे. शके एकोणीसशे अडतीस, दुर्मुखनाम संवत्सर, वैशाखमासी एका थोर विद्याराज्यात जो प्रकार घडला तो येथे लिहिला आहे. कोणास झोंबला तर झोंबो, आमचा इलाज नाही.

राज्य मोठे नामांकित. त्याची दौलत म्हणजे भाषा. देशोदेशीच्या भाषा जमवाव्या, त्यांत शब्दास शब्द कैसा जोडितात, कोठे प्रत्यय पुढे लागतो आणि कोठे मागे, कोणती बोली कोणत्या बोलीची बहीण, हे ताडून पाहावे आणि अहवाल लिहावा, हाच तेथील पराक्रम. गादीवर प्रधानपंडित विश्वंभरपंत विराजमान होते. पंतांची विद्वत्ता अफाट, बोलणे मधाळ, आणि वातानुकूलित दालनाबाहेर पाऊल टाकावयाचे तर अंगावर काटा उभा राही. याच राज्यात वेणूबाई उपळेकर म्हणोन एक विदुषी होत्या. बाईंनी कित्येक पावसाळे तिवरखोऱ्यात काढिले होते आणि ठकूमाय नामे म्हातारीच्या चुलीशी बसून तिवरी बोली आत्मसात केली होती. बाईंचा स्वभाव तापट, जिभेस हाड नाही, म्हणोन राज्यात त्यांस मान होता पण मानपान नव्हता.

ऐसे असता दरबारातून विचारणा आली की तिवरी ही स्वतंत्र बोली आहे किंवा दरबारी भाषेचाच मोडका अवतार आहे, याचा निर्णय विद्याराज्याने द्यावा. स्वतंत्र असेल तर खोऱ्यातील शाळेत धाकल्या पोरांस पहिली दोन वर्षे तिवरीतून शिकविणे चालू राहील, आणि नसेल तर बंद होईल. मग पंतांनी मसलत केली आणि मोहीम फर्माविली. चार पंडित, दोन ध्वनियंत्रे, एक जीप आणि बाटलीबंद पाण्याची खोकी ऐसा सरंजाम निघाला. वेणूबाईंस सोबत घेतले नाही, कारण विचारता पंत म्हणाले, "बाईसाहेब, आपले त्या लोकांशी घरोब्याचे नाते. शास्त्राला घरोबा चालत नाही." बाईंनी दात खाल्ले, पण हुकूम तो हुकूम.

आता खोऱ्याचा रिवाज सांगितला पाहिजे. तिवरखोऱ्यात पाहुणा आला तर त्याशी पाहुण्याच्याच भाषेत बोलावे, मोडके येवो की तोडके येवो. घरचा बोल पाहुण्यापुढे टाकणे म्हणजे त्यास उष्ट्या ताटापाशी बसविणे, ऐसे ते लोक मानितात. आणि पाहुणा किती काळ पाहुणा, तर जोवर घरातले कोणी त्याशी भांडत नाही तोवर. भांडण तेवढे घरच्या बोलीत होते आणि घरच्यांशीच होते. वेणूबाई तिवरी बोलत, पण ठकूमाय त्यांस उत्तर देई ते दरबारी भाषेत, हसून, पाट सरकावून. बाईंनी जे टिपले ते घरची माणसे आपसांत बोलत ते ऐकून टिपले होते. ही खूण बाईंनी मोहीम निघण्यापूर्वीच पंतांस सांगितली होती. पंतांनी मान डोलाविली आणि जेथे लिहून ठेवावयाचे तेथे काही लिहिले नाही.

मग पंडित खोऱ्यात पोहोचले आणि डाकबंगल्यात उतरले, आणि गावकऱ्यांस बोलावून आणून खुर्चीवर बसविले, आणि सर्व जगातील बोलींस जी वाक्ये विचारावयाची तीच विचारिली. "राजाने हत्तीस सोंडेवर मारिले" हे तुमच्या बोलीत सांगा. "माझ्या मामीने पांढऱ्या उंटास मिठाई दिली" हे सांगा. खोऱ्यात राजा नाही, उंट तर कोणी चित्रातही पाहिला नव्हता. लोकांनी एकमेकांकडे पाहिले, आणि पाहुण्यांस वाईट वाटू नये म्हणोन तेच वाक्य दरबारी भाषेत, जमेल तैसे, त्यांस परत दिले. पंडित खूश जाहले. दुपारचे जेवण आटोपून जीप माघारी फिरली. पंतांनी आपल्या दालनात बसून अहवालात लिहिले की तिवरीस स्वतःची शब्दरचना नाही, स्वतःचे प्रत्यय नाहीत, ती दरबारी भाषेची अशुद्ध छाया मात्र आहे, आणि हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले.

तो अहवाल वाचून वेणूबाईंचा तिळपापड जाहला. तिवरीत डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीचे क्रियापद निराळे आणि ऐकलेल्या गोष्टीचे निराळे, आणि ऐकीव गोष्ट पाहिल्याच्या थाटात सांगणाऱ्यास तेथे लबाड म्हणतात. बाई भर सभेत उठून म्हणाल्या, "पंत, हा अहवाल तिवरीत लिहिला असता तर पहिल्याच ओळीला तुम्ही लबाड ठरला असता." सभेत कुजबुज जाहली. मग बाईंनी आपल्याजवळील ध्वनिमुद्रणे पुढे केली, त्यांत आई लेकरास रागे भरते आहे, दोन जावा जात्यावर गप्पा हाणीत आहेत. पंतांनी हात जोडिले आणि म्हणाले, "बाईसाहेब, ही चुलीपुढली कुजबुज. हिला ठरलेले प्रश्न नाहीत, ठरलेली उत्तरे नाहीत. आपला इतका भरवसा आहे तर एक माणूस सभेपुढे आणा. येथे, आमच्यासमक्ष, तिवरी बोलू द्या. आम्ही अहवाल फाडू."

येथे वेणूबाईंची चूक जाहली, आणि कोपात माणसाची अक्कल गहाण पडते ती ही ऐसी. रिवाज त्यांस सर्वांहून अधिक ठाऊक. तरीही शाळा वाचेल या आशेने त्या खोऱ्यात गेल्या आणि ठकूमायस म्हणाल्या, "माझ्याकरता चल. तिथे तुझ्या घरच्यासारखी बोल." म्हातारीने मान हलविली आणि नवे लुगडे नेसून निघाली, कारण पाहुणीचा शब्द मोडावयाचा नाही हाही रिवाजच.

सभा भरली. ठकूमायस उंच आसन दिले, पाणी दिले, गुळाचा खडा दिला. पंतांनी प्रत्यक्ष उठून नमस्कार केला. मग पंत म्हणाले, "माय, आपल्या बोलीत चार शब्द सांगा." म्हातारीने सभा पाहिली, पाणी देणाऱ्याकडे पाहिले, आणि हात जोडून दरबारी भाषेत म्हणाली, "तुमी लई मोटी मानसं. पानी लई ग्वाड हाय तुमचं. आमी काय बोलनार? तुमी सांगाल त्ये खरं." वेणूबाई कडेहून तिवरीत म्हणाल्या, माय, घरच्यासारखे बोल. म्हातारी त्यांजकडे पाहून हसली आणि दरबारी भाषेतच म्हणाली, "बोलतेच हाय की, बाय." पंतांनी चिटणीसास खूण केली, अहवालावर शिक्का बसला, आणि सभा बरखास्त जाहली. पंडित पानसुपारीस खिडक्यांपाशी उभे राहिले.

बाहेर पायऱ्यांवर वेणूबाईंचा तोल गेला. इतके दिवस गिळिलेला सारा संताप त्या म्हातारीवर ओतला, आणि तो तिवरीत ओतला. म्हणाल्या, "तू माझा घात केलास. माझा जाऊ दे, आपल्या नातवंडांच्या शाळेला आपल्या हातांनी कुलूप घालून आलीस. जिभेला काय लकवा झाला होता?"  म्हातारीने पदर खोचला आणि जी उसळली ती तिवरीत उसळली. तो बोल येथे आम्ही उतरविला आहे, पण मूळची धार यात नाही. "लकवा तुझ्या अकलेला झालाय. परक्याच्या ओसरीवर चढून, त्याचं पाणी पिऊन, त्याच्याच तोंडावर त्याला न कळणारा बोल फेकू मी? इतके पावसाळे माझ्या चुलीशी बसलीस, माझ्या हातची भाकर खाल्लीस, आणि मला इथं आणून बाजारात म्हशीचे दात बघतात तशी उभी केलीस. शाळा माझ्या नातवंडांची, तिच्यासाठी मला जीव तुटत नाही असं वाटतं तुला? पण माझा बोल ऐकायचा तर त्यांनी माझ्या दारी यावं, राहावं, शिव्या खाण्याइतकं आपलं व्हावं. तू झालीस तशी. आता रडू नको, कार्टे."

वेणूबाई रडत होत्या खऱ्या. इतक्या वर्षांत म्हातारीने त्यांस प्रथमच तिवरीत बोल लाविले होते, आणि ते बाईंस शिव्यांच्या तिसऱ्या घासास समजले. ज्या दिवशी तिवरीची शाळा गेली त्याच दिवशी त्या घरच्या जाहल्या, आणि आनंद करावा की छाती पिटावी हे त्यांस कळेना. वर पाहिले तो प्रत्येक खिडकीत पंडित उभा, तोंडात विडा तैसाच. एकही शब्द दरबारी नव्हता, एकही रचना ओळखीची नव्हती, हे त्यांतील पोरसवद्या पंडितासही कळले होते. चिटणीसाने तर कागद पुढे ओढून लेखणीही बुडविली होती.

वेणूबाई तैशाच वर चढल्या आणि पंतांपुढे उभ्या राहिल्या. "पंत, ऐकलंत?"

पंतांनी सुपारी चघळून गिळिली आणि म्हणाले, "ऐकलं."

"मग लिहा."

"सभा बरखास्त झाली होती, बाईसाहेब. सभेनंतरचं बोलणं दप्तरी घेत नाहीत." आणि चिटणीसाच्या हातातील लेखणी त्यांनी आपल्या हातांनी काढून घेतली.

तेव्हां वेणूबाईंनी राज्याने दिलेली खांद्यावरील शालजोडी तेथेच पंतांच्या पायांपाशी टाकिली आणि म्हणाल्या, "ही घ्या. थंडी वाजेल तेव्हा पांघरा. लाज झाकायला पुरायची नाही." आणि खाली येऊन म्हातारीचा हात धरून चालत्या जाहल्या. मागाहून ज्येष्ठात शाळेस तिवरी बंद करण्याचा हुकूम पोहोचला, आणि पोरांपुढे जो मास्तर आला तो त्यांस पाहुणा. तो जे विचारी त्यास पोरे हात जोडून होय म्हणत, आणि मास्तर खुशीचे कागद वर धाडी.

येणेप्रमाणे हकीकत जाहली. अहवाल ग्रंथालयात आहे, बोली खोऱ्यात आहे, शाळेत नाही. पंतांस पुढे मोठा सन्मान मिळाला. त्या दिवशी सभेस ऐकू आले नाही ऐसे मागाहून कोणी म्हणेल, तर त्यास इतुकेच सांगावे की वैशाखाचे दिवस होते आणि खिडक्या उघड्या होत्या.