इनास मेस्तांचे आटे

इनास मेस्तांना खिळा दाखवला की त्यांचं तोंड कडू होई. सुतार माणूस, पण पिशवीत औषधालाही खिळा सापडायचा नाही. पलंग असो की कपाट, जोड सगळे बोल्टचे. लाकडात भोक पाडून आधी बोटाच्या पेराएवढी पितळी नळी बसवायची. तिला बाहेरून आटे, आतूनही आटे. बाहेरचे लाकडाला धरून बसतात, आतल्यांत बोल्ट फिरतो. "खिळो म्हणजे जबरदस्ती," मेस्त सांगायचे, "आटो म्हणजे राजीखुशी."

ही विद्या त्यांनी बोटीवर उचललेली. बरीच वर्षं बोटीवर सुतार होते. बायको गेल्यावर नोकरी सोडून आमच्या कट्टा गावात येऊन राहिले. मूलबाळ नाही. नळ्या कुडाळच्या एका लेथवर कातून आणत, आणि एखादीचे आटे वाकडे निघाले तर त्या लेथवाल्याशी महिनाभर अबोला.

लग्नानंतर मी त्यांच्याकडून पलंग करून घेतला आणि फसलो. कारण मेस्तांचा पलंग म्हणजे मेस्तांसकट पलंग! पाऊस संपून लाकूड सुकलं की आटे ढिले पडतात, हे त्यांचं ठाम मत. मी आठवडाभर ओरोसच्या ऑफिसात मान मोडून रविवारी जरा आडवा होतोय, तोच चर्चमधली मिसा आटोपून मेस्त दारात. खांद्याला पान्यांची पिशवी. "आटे बघूक इलंय."

आठ बोल्ट आवळायचे, पाच मिनिटांचं काम. पण मेस्त अख्खा पलंग उलगडत. गादी पडवीत, फळ्या अंगणात, बोल्ट सुपात. एकेक बोल्ट खोबरेल लावून पुसत. मध्येच चहा, मग बोटीवरच्या गोष्टी, मग जेवण, मग माझ्या बायकोला, सुमनला, बांगड्याच्या तिखल्यात तिचं काय चुकलं ते समजावणं. पलंग उभा राहीपर्यंत दिवेलागण. गावात त्यांची अशी वीसेक घरं होती. कार्तिकभर फेरी चाले.

एका वर्षी नेमके त्याच दिवशी माझे सासरे आले. निवृत्त हेडमास्तर, धोतराला इस्त्री. जावयाचा पलंग सुपात बघून त्यांनी अख्खी दुपार पाटावर बसून काढली. माझं डोकंच फिरलं. पुढच्या रविवारी मी दोन ट्यूबा मिसळून लावायचा तो गम आणला, एकेक बोल्ट काढून गमात बुडवला आणि पिळून बसवला. कायमचा बंदोबस्त. म्हाताऱ्याला काय वाटेल, असं सुमन म्हणाली. या वयात त्यांची दगदग वाचेल, असं मी तिला सांगितलं. स्वतःलाही तेच सांगितलं.

पुढल्या कार्तिकात मेस्त आले. पाना लावला. हलेना. दुसरा लावला. मग वाकून त्यांनी बोल्टच्या डोक्याभोवतीचा सुकलेला गम बोटाने चाचपला. आता हा माणूस शिव्या देणार, म्हणून मी तयारीत. त्यांनी पाना फडक्यात गुंडाळला.

"बरा केलंस," ते म्हणाले. "आता ह्यो हलूचो नाय."

सुमनने चहा आणला, तर काम केलं नाही मग चहा कसला, म्हणून उठलेच.

ते फाटकाबाहेर पडले आणि मला माझीच लाज वाटली. संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. इतक्या वर्षांत एकदाही गेलो नव्हतो. एक खोली, एक खाट, एक टेबल आणि खुर्ची एकच. ती मला देऊन ते खाटेवर बसले. उगाच टेबलाच्या कडेवरून हात फिरवला, तर हाताला खिळ्यांची डोकी लागली. खुर्ची बघितली, खाट बघितली. सगळीकडे खिळेच.

"मेस्तांनू, तुमच्याच घरात खिळे?"

ते जरासे हसले. "हंय आटे घालून काय करू? माझ्याच घराक मी पावणो म्हणान कसो जातलंय?"

मी एकदम म्हटलं, मला एक टेबल हवंय. खरं तर आमच्याकडे टेबल ठेवायला वीतभर जागा नव्हती.

मेस्तांनी कानावरची पेन्सिल काढली, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "खिळे मारू?"

"नको. बोल्टच घाला," मी म्हटलं. "आणि जरा ढिलेच ठेवा."