ताईंच्या हनुवटीवरचा फोड

चेहऱ्यावरचा कसलाही फोड आठवड्यात घालवून दाखवतात, अशी पार्लरवाल्या ताईंची ख्याती होती. ती त्यांनी स्वतःच पसरवली होती. त्यामुळे त्यांच्याच हनुवटीवर फोड आला तेव्हा त्यांनी तो हसण्यावारी नेला.

लेप लावले, वाफ घेतली, दुकानातली क्रीमं संपवली. फोड फुटायचा, खपली धरायचा आणि टवटवीत होऊन परत हजर! त्वचेच्या डॉक्टरांनी आधी गोळ्या दिल्या, मग मलम बदललं, शेवटी तो कापूनच काढला. जखम भरली, टाके निघाले, आणि माहेरी चार दिवस राहून आल्यासारखा फोड पुन्हा आपल्या जागी येऊन बसला.

गिऱ्हाइकं आरशात स्वतःला बघायचं सोडून ताईंची हनुवटी बघू लागली. एका नवरीच्या आईनं तर ठरलेला मेकअपच रद्द केला. कारण विचारलं तर म्हणाली, काही नाही, सहजच. त्या दिवशी ताई रिकाम्या खुर्चीत बसून रडल्या. नवऱ्यानं समजूत घातली, की त्याला तर फोड दिसतसुद्धा नाही. एवढा फोड ज्याला दिसत नाही त्याला आपण तरी कुठे दिसत असणार, या विचारानं त्या आणखीच रडल्या.

अशात सासूबाईंची कवळी सैल झाली. ताई तोंडाला ओढणी गुंडाळून त्यांना दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. कवळीबद्दल सांगता सांगता ओढणी घसरली.

"खुर्चीत तुम्ही बसा," डॉक्टरीणबाई ताईंना म्हणाल्या.

"पेशंट या आहेत."

"त्यांना थांबू दे. हनुवटीला कधी मार लागला होता?"

लागला होता. मागे दुकानाचं अडकलेलं शटर सुटलं ते थेट हनुवटीवर. दुखलं, थांबलं, ताई विसरल्या. त्या माराने खालचा एक दात मात्र आतून मेला होता. त्याच्या मुळाशी पू साठला होता आणि तो हाडातून वाट काढत हनुवटीवर येत होता.

"पण दात कधी दुखला नाही हो," ताई रडवेल्या होऊन म्हणाल्या.

"मेलेला काय दुखणार?"

सासूबाई कवळी रुमालात धरून बाहेर ताटकळल्या. दाताचं मूळ साफ झालं, आणि थोड्याच दिवसांत फोड गेला तो गेलाच.

गिऱ्हाइकं परतली. एकीनं हनुवटी निरखत हळूच विचारलं, ताई, लावलंत तरी काय? ताईंनी खरं ते सांगितलं. काही लावलं नाही, दाताचं काम करून घेतलं.

त्या बाईंनी पर्स उचलली.

"सांगायचं नसेल तर राहू दे," त्या म्हणाल्या, आणि समोरच्या पार्लरमध्ये गेल्या.