बत्तीस दात, आठ मिलिमीटर

अवधूतच्या हातून गेलेला पार्ट कधी परत येत नाही, हे तो लग्नाआधीपासून सांगत आला होता. चाकणच्या कंपनीत तो क्वालिटीला होता. म्हणून पद्माने शाळेच्या प्लॅस्टरच्या जबड्यातली हलणारी दाढ चिकटवायला त्याच्याकडे दिली. संध्याकाळी जबडा परत आला तो फुगेवाल्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, वर हिरवा टॅग: ‘तपासले, उघडू नये.’ पद्माने उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी चिंचवडच्या शाळेत दातांच्या प्रकारांवर तिचा नमुना पाठ होता. दोन वर्षांच्या तात्पुरत्या नोकरीनंतर तिला कायम करायचं की नाही, ते या तासावर ठरणार होतं. मागच्या बाकावर तपासणीला आलेले शरच्चंद्र सर वही उघडून बसले होते.

पद्माने प्लॅस्टिक सोडलं. बत्तीसही दात घासून बरोबर आठ-आठ मिलिमीटरचे केलेले! ताथवड्याच्या नव्या इमारतींच्या गॅलऱ्यांसारखी एकसारखी, चौकोनी, सपाट रांग.

“बाई,” सर म्हणाले, “यातला सुळा दाखवा.”

सरांनी पेनाचं टोपण काढलं.

पद्माने जबडा उचलून मुलांसमोर धरला. “या माणसाला काय काय खाता येणार नाही?”

दिव्या उठली. “पेरू, बाई. पटाशीच्या दातांना धारच नाही, तुकडा कसा तोडणार?”

“मटण,” गणराज म्हणाला. “सुळे टोकदार नाहीत, फाडता येणार नाही.”

मग वर्गच सुटला. उपदाढांना उंचवटे नाहीत म्हणून शेंगदाणे गेले, दाढा रुंद नाहीत म्हणून भाकरी गेली. शेवटी त्या माणसाच्या ताटात पातळ वरण उरलं.

“मॉडेल मुद्दाम असं केलंत?” सरांनी विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. “नाही सर,” पद्मा म्हणाली. “यजमानांनी सुधारलंय.”

सर बराच वेळ लिहीत राहिले. मग त्यांनी वही तिच्याकडे फिरवली: ‘कायम करण्यास हरकत नाही.’

घरी येताच तिने जबड्याला त्याच्याच बॅगेतला ‘रिजेक्ट’चा लाल टॅग बांधून तो अवधूतपुढे ठेवला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: ‘सगळे दात एकसारखे.’

अवधूतने ते दोनदा वाचलं. मग बॅगेतला मापं घ्यायचा व्हर्नियर काढला आणि बेसिनच्या आरशासमोर जाऊन तोंड उघडलं.

पानं वाढून झाली तरी तो येईना. पद्माने हाक मारली.

“पद्मा,” आतून पडलेला आवाज आला, “माझे तर सगळेच रिजेक्ट आहेत गं.”