आता तुमचं

सावंत मास्तर संध्याकाळी आमच्याकडे आले की उंबऱ्यातच तोंड उघडायचे. "जरा बॅटरी मारा," म्हणायचे. जीभ, गाल, हिरड्या, सगळं चारचौघांसारखं. तसं सांगितलं की बॅटरी माझ्या हातातून घेऊन म्हणायचे, "आता तुमचं." माझंही तोंड तपासल्याशिवाय ते चहाला शिवत नसत.

पोर्तुगीज जाऊन काही वर्षं झाली होती. सिल्वासातल्या शाळेत आम्ही दोघे मास्तर. ते वेंगुर्ल्याचे, एकटेच राहायचे. त्यांच्या तोंडाची आग वेळ पाळायची. सकाळी काही नसे, तेव्हा मुलांना नकला करून हसवत. दुपारच्या घंटेनंतर जीभ चुरचुरू लागे, म्हणून कविता सकाळी आणि शुद्धलेखन दुपारी. शाळा सुटली की गालात लवंग आणि चेहरा उतरलेला. रविवारी तर सकाळपासूनच लवंग. जवळच्या रांधा गावातल्या एका वैदूची कडू सालही चघळून झाली.

"यात काहीतरी वाईट आहे," हे त्यांचं पालुपद. ऐकून ऐकून मलाही घोर लागला. दिवेलागणीला माझीच जीभ चुरचुरायची आणि मी आरशापुढे जीभ काढून उभा. बायको म्हणाली, आता घरात दुसरे सावंत मास्तर नकोत.

शेवटी त्यांना वलसाडच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी नीट तपासलं, तोंडात काही नाही म्हणाले. मला वाटलं, सुटलो. पण त्यानंतर मास्तर घरी यायचेच बंद झाले, तेव्हा मात्र माझ्या जिवाला चैन पडेना.

संध्याकाळी त्यांच्या खोलीवर गेलो. दिवा न लावता बसले होते, गालात लवंग.

"दुखतंय?"

"रोजचंच. डॉक्टर काही नाही म्हणाले, मग तुम्हाला कशाला त्रास?" लवंग दुसऱ्या गालात सारत म्हणाले, "आमच्या हिनं कधी तोंड उघडून दाखवलं नाही हो. दुखत होतं तरी मला वाढत राहिली. मीही कधी बघितलं नाही. डॉक्टरनं बघितलं तेव्हा उशीर झाला होता."

मी खिशातली बॅटरी काढली आणि त्यांना तोंड उघडायला लावलं.

"काही नाही," मी म्हणालो. "पण रोज बघायला हवं. उद्यापासून जेवायलाच या."

त्यांनी मान हलवली. मग बॅटरीसाठी हात पुढे केला.

"आता तुमचं."

मी आ केला. ते बराच वेळ बघत राहिले.