काढेपंत

कल्याणात एखादं मूल मुसमुसत घरी आलं आणि त्याच्यामागून एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ "काढा! आधी काढा!" असं ओरडत आले, की घरातली बाई डोक्यावर पदर घेत पुटपुटायची, "आले मेले! पोरीच्या हातातली बांगडी काढायची राहिली वाटतं."

त्या गृहस्थांचं नाव त्रिंबकपंत. पण ते नाव फक्त कचेरीच्या दप्तरात असेल. गावात ते काढेपंत.

या नावापायी एकदा मोठी गंमत झाली. मुंबईहून बदलून आलेल्या एका तारमास्तरांचा मुलगा तापाने फणफणला. कुणीतरी खोडसाळपणे त्यांना सांगितलं, "काढेपंतांकडे जा." तारमास्तर बिचारे रिकामी लोटी घेऊन पंतांच्या दारात उभे.

"मुलाच्या अंगावर काय आहे?" पंतांनी विचारलं.

"ताप आहे."

"ते नव्हे हो. हातात काय आहे?"

"हातात कडं आहे, सोन्याचं."

"मग काढा!"

"काढाच तर न्यायला आलोय!" तारमास्तर रडकुंडीला येऊन म्हणाले.

हा संवाद बराच वेळ असाच चालला म्हणतात. शेवटी पंत स्वतःच त्यांच्याबरोबर निघाले. मुलाच्या हातातलं कडं त्यांनी आधी उतरवलं, मग आपल्या हाताने सुंठ-तुळस उकळून त्याला पाजली आणि ताप उतरेपर्यंत उशाशी बसून राहिले. कडं मात्र मुलगा बरा झाल्यावरही परत घालू दिलं नाही.

मी त्या वेळी कल्याणच्या शाळेत दुय्यम मास्तर होतो आणि पंतांच्याच आळीत राहत होतो. पंत मामलेदार कचेरीतून कारकुनी करून निवृत्त झालेले. बायको तरुणपणीच गेलेली, मागे-पुढे कुणी नाही. दोन खोल्यांत एकटे राहत. सकाळी स्वतःच्या हाताने भात टाकायचा, तोच दोन वेळा खायचा. भिंतीशी बोलल्यासारखं एकट्याने बोलायची त्यांना सवय होती. "आज मीठ जास्त झालं, त्रिंबका," असं त्यांनी स्वतःलाच सांगितलेलं आम्हाला आमच्या पडवीत ऐकू येई.

ऊन कलतं झालं की ते डोक्याला पागोटं गुंडाळून, उपरणं टाकून बाहेर पडत. तळ्याच्या काठाने बाजार, बाजारातून खाडीवरचं बंदर. वाटेत त्यांची नजर माणसांच्या तोंडाकडे नसेच. ती असे खाली, पोरांच्या मनगटांवर, पायांवर, कानांवर. हातातल्या बिंदल्या, पायातले वाळे, साखळ्या, काही चमकलं की पंत थबकलेच. मूल एकटं असलं तर त्याला उचलायचं, "घर कुठलं रे तुझं?" विचारायचं, आणि थेट त्याच्या आईसमोर नेऊन उभं करायचं.

मग ठरलेलं भाषण. "लेकरू आहे की देवाची मूर्ती? मूर्तीला निदान गाभाऱ्याचं कुलूप असतं! सोनं घालायचं तर पेटीत घाला. चोर पेटी फोडील तर पेटी रडत नाही. काढा, आधी काढा!"

बायकाही ऐकून घेणाऱ्या नव्हत्या. ठाकुर्लीकडची एक आगरीण मिठागरातून बाजाराला आली होती. तिच्या पोरीला पंतांनी उचलताच ती टोपली टाकून धावली.

"अरं बामना, माजे पोरीला कुटं नेतंस?"

"बाई, हिच्या पायात वाळे आहेत."

"चांदीचं हाईत! सोना नाय. चोराला पन लाज वाटल चोरायला!"

"चोराला लाज असती तर तो चोर कशाला झाला असता?" पंत म्हणाले. बाई खो खो हसली. वाळे तिने काढले नाहीत, पण पंतांच्या उपरण्यात मूठभर जांभळं मात्र बांधून दिली. असंच व्हायचं. भांडण व्हायचं, आवाज चढायचे, आणि शेवटी कुणीतरी म्हणायचं, "बरं, बसा आता. ताक घ्या." पंत ओट्यावर बसून ताक घेत, त्या घरातलं कोण आजारी आहे, कुणाचं लग्न ठरतंय, गाय व्याली की नाही, सगळं विचारून घेत, आणि मग पुढच्या घराकडे वळत.

गावाचा एक तर्क होता. पंतांना एक मुलगी असावी आणि तिचंच काहीतरी वाईट झालं असावं. मी एकदा धीर करून विचारलं.

"छे हो, मास्तर," ते म्हणाले. "मला मूल झालंच नाही."

मग त्यांनी सांगितलं, "कचेरीत असताना माझ्यासमोर मेजावर एकदा तोड्यांची जोडी ठेवलेली होती. पलीकडच्या एका गावातल्या पोराची. पोर विहिरीत सापडलं आणि तोडे चोराजवळ. त्याची आई तोडे मागायला आली होती. साहेब म्हणाले, खटला संपेपर्यंत मिळायचे नाहीत. तेव्हा ती म्हणाली, 'नुसते हातात धरू द्या.' मी दिले. इतकेसे होते हो, माझ्या अंगठ्यात अडकतील एवढे." त्यांनी अंगठा वर करून दाखवला आणि विषय बदलला.

आगगाडी आल्यापासून गावात रोज अनोळखी माणसं उतरत होती. पूर्वी तळ्याकाठचा प्रत्येक माणूस कुणाचा कोण हे ठाऊक असे, आता तसं राहिलं नव्हतं. पण पोरांच्या अंगावरचं सोनं होतं तेवढंच होतं. सोनं म्हणजे घराची अब्रू, ती पोराच्या अंगावर दिसलीच पाहिजे! काढेपंतांचं हसून ऐकायचं आणि दुसऱ्या दिवशी बिंदली पुन्हा चढवायची, असं वर्षानुवर्षं चाललं होतं.

मग नवरात्र आलं. दुर्गाडी किल्ल्यावर देवीच्या जत्रेला ही गर्दी लोटलेली. मी आणि आमचं कुटुंब, म्हणजे ठकूची आई, आमच्या लहानग्या ठकूला घेऊन चढण चढत होतो, तोच खालच्या अंगाला एकच गलका झाला. "पकडा! पोर पळवतोय!" पाहतो तर काय, भाताचे मोठे व्यापारी होते एक शेटजी, त्यांच्या नातीला, गोजीला, छातीशी घट्ट धरून काढेपंत उभे, आणि भोवती लोक त्यांना बडवताहेत. पागोटं पायदळी गेलेलं, ओठ फुटलेला. पण पोरीला काही ते सोडेनात. उलट ओरडत होते, "तो बघा! तो जातोय, धरा त्याला!" कुणाला, ते कुणालाच कळेना.

मी गर्दीत घुसलो. तेवढ्यात शेटजी आले. पोरीच्या एका हातात बिंदली होती, दुसरा हात रिकामा. लोकांनी पंतांची झडती घेतली, कनवट तपासली. काही सापडलं नाही. तरी कुणी म्हणे साथीदाराला दिली असेल, कुणी म्हणे चावडीवर न्या.

तेव्हा आमच्या कुटुंबाने पोरीसमोर बसून तिला विचारलं, "गोजे, बांगडी कुणी घेतली ग?"

"लाल पागोटेवाल्या काकांनी," गोजी म्हणाली. "त्यांनी बत्तासा दिला. म्हणाले, धुऊन आणतो. मला खाली होडीत नेणार होते."

"आणि हे काका?"

गोजीने पंतांच्या फुटक्या ओठाला बोट लावलं. "हे काका रडत होते," ती म्हणाली.

खाली धक्क्याकडे माणसं धावली, पण होडी केव्हाच सुटली होती.

दुसऱ्या दिवशी शेटजी शेला आणि नारळ घेऊन पंतांच्या दारी आले. पंतांनी शेल्याकडे पाहिलंही नाही. सुजलेल्या तोंडाने म्हणाले, "दुसरी बिंदली अजून आहे ना तिच्या हातात? मग काढा!"

त्याच दिवशी शेटजींच्या आईने ती काढली. एवढंच नव्हे, पुढे चैत्रातल्या हळदीकुंकवाला त्या म्हातारीने सगळ्या सुवासिनींना बजावलं, "माझ्या घरात येणाऱ्या पोराच्या अंगावर गुंजभरही सोनं दिसता कामा नये." मोठ्या घरचा पायंडा पडला. सोनं मिरवण्याची जी चढाओढ होती ती आता न मिरवण्याची झाली. पोरी काचेच्या बांगड्या घालू लागल्या, मुलांच्या मनगटावर काळा दोरा आला. गावातला सोनार पंत दिसले की तोंड फिरवू लागला.

आणि काढेपंतांना काम उरलं नाही.

मला आधी हे ध्यानात आलं नाही. ते अजून ऊन कलताच निघत, तळ्यावरून बाजारात, बाजारातून बंदरावर. पोरांच्या हातांकडे बघत. काचेची बांगडी. काळा दोरा. काचेची बांगडी. कुणाच्या दारात शिरायला निमित्त राहिलं नव्हतं. समोरून येणारी माणसं आता अदबीने रामराम करून बाजूला होत. पूर्वी शिव्या घालून ताक देणाऱ्या बाया दुरूनच हात जोडत. देवमाणूस म्हणत त्यांना. आता देवमाणसाला ओट्यावर बसवून गाय व्याल्याचं कोण सांगणार? पंत अंधार पडायच्या आत घरी परत येऊ लागले. भिंतीशी बोलणंही कमी झालं.

एका दुपारी ते आमच्या दारात आले. ठकू अंगणात खेळत होती. तिचे कान नुकतेच टोचले होते.

"वहिनी," त्यांनी आत हाक दिली, "हिच्या कानात काय आहे?"

"कडुनिंबाच्या काड्या आहेत, भावोजी."

"हातात?"

"काच."

"मग ठीक आहे," पंत म्हणाले. "ठीकच आहे." पण हलले नाहीत. उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळत उभे राहिले. बसा म्हणावं, तर त्याला काय बहाणा करावा हे आम्हालाही सुचेना. थोड्या वेळाने, "येतो मग," म्हणाले आणि हळूहळू निघून गेले. कुटुंब दाराच्या चौकटीला टेकून बराच वेळ त्या वाटेकडे पाहत राहिलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो तर ठकूच्या हातात पिवळीधमक बिंदली!

"हे काय?" मी चमकलो. "सोनं कुठून आलं? आणि अंगावर घातलंत? पंतांनी पाहिलं तर?"

"पाहू दे की," कुटुंब शांतपणे म्हणालं. "तांबट आळीतून आणवली. पितळेची आहे. इकडून पंतांजवळ काही बोलणं होऊ नये म्हणजे झालं." आणि ठकूच्या कानात काहीतरी सांगून तिला कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत खेळायला पाठवून दिलं. स्वतः मात्र दारातून तिच्यावर डोळा ठेवून उभी राहिली.

फार वेळ लागला नाही. गल्लीच्या तोंडाशीच आवाज घुमला. "काढा! आधी काढा! लेकरू आहे की देवाची मूर्ती!" कितीतरी दिवसांनी तो आवाज ऐकून शेजारच्या दोघी बाहेर आल्या. ठकू खांद्यावर, पागोटं कानावर घसरलेलं, काढेपंत तरातरा आले. ठकूला ओट्यावर ठेवलं, बिंदली आपल्याच हाताने काढली आणि कुटुंबाला द्यायला हात पुढे केला.

तो हात मध्येच थांबला. जन्मभर कचेरीत मुद्देमाल हाताळलेला माणूस. पितळ हाताला कळतंच. त्यांनी बिंदली तळहातावर एकदा किंचित हलवली, मग कुटुंबाकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

"वहिनी," पंत अगदी हळू म्हणाले, "सोनं आहे हे. नीट ठेवा."

"हो," कुटुंब म्हणालं. "बसा, ताक आणते."

पंत बसले. ताक प्यायले. ठकूचा कान दुखतो का विचारलं, माझ्या शाळेतल्या मुलांचं विचारलं. दिवेलागणीला उठताना पागोटं सावरत त्यांनी कुटुंबाला दटावलं, "उद्या पुन्हा घालू नका हं."

"पोरीचा हट्ट असतो, भावोजी. उद्याचं मी काय सांगू?"

"हट्ट," पंत म्हणाले. त्यांनी ठकूच्या केसांवरून हात फिरवला. "मग उद्या मला इकडून यायलाच हवं."