स्वेटरची उलटी बाजू

हातविणीच्या स्वेटरवर सुईने माराश गावची नक्षी भरायची, तर वीण ताणून धरावी लागते. अरुस्याककडे त्यासाठी लाकडी चौकट होती, ती नेमकी आजच मोडली. मग तिने नवऱ्याला, ह्राचिकला, धरलं. होणाऱ्या जावयाचा स्वेटर शर्टावरून चढेना, म्हणून ह्राचिकच्या नुसत्या बनियनवर चढवला, त्याला शेगडीजवळ बसवलं आणि तोंडात दोऱ्याचा तुकडा कोंबला. अंगावरचा कपडा शिवताना दोरा दातांत धरायचा, नाहीतर अक्कलही शिवली जाते, अशी तिच्या आईची सक्त ताकीद होती.

"आहे तेवढी तरी शाबूत राहू दे," अरुस्याक म्हणाली. "दोरा सोडलात तर बघा!"

चार वाजता जावयाची, म्हणजे बाग्रातची, आई झारुही येणार होती. घराणं मूळचं माराशचं. नक्षी ती समोरून बघतच नसे, आधी उलटी करी. मागच्या वर्षी एका मुलीला तिने पाठीमागच्या गाठी बघून नकार दिला होता. लेकीचं, नाझेलीचं, लग्न आता या स्वेटरवर अवलंबून होतं.

दुसऱ्याच टाक्याला ह्राचिकला छातीवर ओढ जाणवली.

"म्म्म!"

"हो हो, छान दिसतंय."

"म्म्म! म्म्म!"

"अहो, बस चालवत दहा तास बसता, बायकोपुढे दोन तास बसवत नाही?"

त्याने बनियनकडे बोट नेलं, तर हातावर चापटी बसली. तीस वर्षांच्या संसारात दोरा नसतानाही त्याचं कुणी ऐकलं नव्हतं. तो चरफडत बसून राहिला.

शेवटचा टाका झाला. स्वेटर वर ओढला, तर बनियनही वर आलं.

"अगं बाई! सांगायचं नाही का?"

ह्राचिकने दोरा थुंकला. पण पोटात इतकं साठलं होतं, की सुरुवात कुठून करावी हेच सुचेना. तेवढ्यात बेल वाजली. झारुही अर्धा तास आधीच आली होती.

उसवायला वेळ नव्हता. अरुस्याकने दोन्ही कपडे एकदमच ओढून काढले आणि त्याला आतल्या थंडगार खोलीत ढकललं. उघडाबंब ह्राचिक दाराच्या फटीला डोळा लावून कुडकुडत उभा राहिला.

झारुहीने कॉफीला हातही लावला नाही. स्वेटर घेतला आणि उलटा केला. आतून बनियन लोंबत होतं. नाझेलीने घाईघाईने बिस्किटांची बशी पुढे केली.

"ते... अस्तर आहे," अरुस्याक म्हणाली.

"अस्तराला बगलेत भोक असतं?"

अरुस्याकला रडूच फुटलं. हुंदके देत तिने चौकटीपासून सगळं सांगून टाकलं. झारुही मात्र बनियनवरून सावकाश बोट फिरवत होती.

"गाठ एकही नाही," ती म्हणाली. "रडता कशाला? आमच्या ह्यांची अशीच चार बनियनं गेली. चौकटीपेक्षा नवरा बरा, ताण नीट बसतो." मग तिने नाझेलीला जवळ ओढलं. "आईनं ही नक्षी शिकवलीय ना तुला? मग एप्रिलमध्ये लग्न. येताना बाकी काही आणू नकोस, पोरी. बाग्रातसाठी बनियनं आण. दोन डझन."

दाराआड ह्राचिकला पहिल्यांदाच आपल्या जावयाची मनापासून दया आली.